वाचक विचारतात : हाड भरून यायचं तर आधी रक्त पोचायला हवं

मागच्या अंकात स्टेम सेल (ज्यांच्यापासून हाडाच्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी) वापरून हाडातली मोठी पोकळी भरण्याच्या संशोधनावर एक टिपण आलं होतं. स्टेम सेलच्या जोडीला रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीही घालतात, एवढं त्यात एका वाक्यात सांगून आम्ही पुढे गेलो होतो. बहुतेक पत्रं नेमकी त्याच वाक्यावर आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माझ्या धाकट्या भावाची नडगी मोटरसायकलच्या अपघातात फुटली. जखम साफ करताना सुमारे पाच सेंटिमीटर हाड काढून टाकावं लागलं. डॉक्टर रिंग लावून हाड ‘वाढवू’ म्हणतात, वर्षभर लागेल असंही सांगतात. त्यापेक्षा स्टेम सेल घालून पोकळी भरता येणार नाही का? – एक वाचक, श्रीरामपूर

आज तरी नाही. आणि रिंगची, म्हणजे पायाबाहेरून पिनांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्यांची, पद्धत जुनी आहे म्हणून ती कमी प्रतीची, असं मुळीच समजू नका.

हाड हा शरीरातला असा अवयव आहे की तो जुळतो तेव्हा व्रण न ठेवता पुन्हा हाडच तयार होतं. पण त्यालाही मर्यादा आहे. ढोबळमानाने, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त लांबीचं आणि निम्म्याहून अधिक घेराचं हाड गेलं, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. तिथे हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल भरतं आणि दोन्ही टोकं गुळगुळीत होऊन बंद होतात. नडगीचं दुखणं आणखी वेगळं. पुढच्या, आतल्या बाजूला नडगीवर फक्त कातडी असते, स्नायूंचं पांघरूण नसतं, त्यामुळे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. पाच सेंटिमीटर म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

आता समजा, या पोकळीत आपण लाखो स्टेम सेल भरल्या. जिवंत पेशी आणि तिला प्राणवायू, साखर देणारी सर्वांत जवळची केशवाहिनी यांच्यात फार तर १०० ते २०० मायक्रॉन अंतर चालतं. म्हणजे एक-दोन कागदांच्या जाडीइतकं. तुमच्या भावाच्या पोकळीच्या मध्यावरून जवळची धड रक्तवाहिनी एक सेंटिमीटरहून दूर आहे. नव्या वाहिन्या कडेने आत सरकतात त्या दिवसाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने. तोवर मधल्या पेशी तग धरत नाहीत. पूर्वी सगळा दोष प्राणवायूला दिला जायचा. पॅरिसच्या एका गटाच्या प्रयोगांतून दिसलं की या पेशी जवळजवळ प्राणवायूशिवायही बरेच दिवस राहतात, पण ग्लुकोज संपलं की मरतात. दोन्ही गोष्टी आणणारी वाट एकच, ती म्हणजे रक्त.

रिंगची पद्धत का चालते तेही यातूनच कळतं. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ती बसवली. हाड पोकळीपासून दूर, चांगल्या जागी, वरचं आवरण जपून कापतात. पाच ते सात दिवस काहीच करत नाहीत. मग कापलेला भाग दिवसाला एक मिलिमीटर सरकवतात, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. मागे पडणाऱ्या फटीत हाड आणि रक्तवाहिन्या दोन्ही सोबतच लांब होत जातात. पाच सेंटिमीटरला सरकवण्याचे ५० दिवस लागतात आणि नंतर ते नवं हाड कडक व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. साधारण हिशेब एका सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना रिंग असा असतो. त्यात पिनांचा संसर्ग, टोकं जिथे येऊन भिडतात तिथे पुन्हा घालावा लागणारा ग्राफ्ट (दुसऱ्या जागेचं काढून आणलेलं हाड) हे धरलं, तर वर्ष हा अंदाज प्रामाणिकच आहे.

भावाला एवढं जरूर सांगा की चार वेळचे फेरे एकाच वेळी उरकायचे नाहीत. एकदम एक मिलिमीटर ओढलं की कोवळ्या वाहिन्या तुटतात. उलट, फेरे चुकवत राहिलं तर फट वेळेआधीच कडक होते आणि हाड पुन्हा कापावं लागतं. घोट्याचा व्यायाम टाळला तर पाऊल खाली झुकून आखडतं आणि हाड जुळूनही चाल बिघडते.

दुसरा पर्याय मास्कले या फ्रेंच शल्यविशारदांचा आहे. पोकळीत आधी हाडाचं सिमेंट भरून सहा ते आठ आठवडे थांबतात. शरीर त्या सिमेंटभोवती एक पातळ पटल तयार करतं. मग पटल अलगद उघडून सिमेंट काढतात आणि त्या जागी कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट भरतात. हे पटल वाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं आणि वाहिन्या व हाड वाढवणारी प्रथिनंही सोडतं. म्हणजे इथेही आधी रक्ताची सोय, मग हाड. कोणती पद्धत घ्यायची हे जखमेतला संसर्ग, कातडी आणि शल्यचिकित्सकाचा हात पाहून ठरतं.

रक्तवाहिन्या हव्यात हे पटलं. पण त्यासाठी व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन दिलं तर पुरे ना? अख्ख्या एंडोथेलियल पेशी (वाहिनीच्या अस्तरपेशी) कशाला घालायच्या? – एम.एस्सी. (जैवतंत्रज्ञान) विद्यार्थिनी, कोल्हापूर

नुसतं व्हीईजीएफ दिलं की वाहिन्या फुटतात खऱ्या, पण त्या गळक्या, वेड्यावाकड्या असतात आणि प्रथिन संपलं की मिटून जातात. वाहिनी टिकायची तर अस्तराला बाहेरून आधार देणाऱ्या पेशींचं कोंदण लागतं. बोस्टनमध्ये २००४ साली झालेल्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. नाळेतल्या शिरेच्या अस्तरपेशी एकट्या उंदरात घातल्या तेव्हा त्यांच्या नळ्या लवकर नाहीशा झाल्या. आधारपेशींच्या पूर्वज पेशींसोबत घातल्या तेव्हा वाहिन्या वर्षभर टिकल्या आणि त्यांतून रक्तही वाहत होतं. मज्जेतल्या स्टेम सेल हे आधारपेशींचं काम चांगलं करतात. म्हणजे या जोडीत स्टेम सेल हाड तर बनवतातच, वाहिनीला बाहेरून टेकाही देतात.

उलट दिशेनेही देवाणघेवाण चालते. स्टेम सेल आणि अस्थिपेशी व्हीईजीएफ सोडतात, ते अस्तरपेशींना जगवतं. अस्तरपेशी बीएमपी-२ (हाड घडवायला लावणारं प्रथिन), एंडोथेलिन-१ यांसारखे रेणू सोडतात, ते स्टेम सेलना हाडाच्या वाटेवर ढकलतात. आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते बोर्दोच्या गटाचं निरीक्षण. दोन्ही पेशी एकमेकींना चिकटून वाढवल्या तर अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाड घडत असल्याची खूण असलेलं एन्झाइम वाढतं. अस्तरपेशींचं नुसतं वापरलेलं माध्यम (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) स्टेम सेलवर ओतलं, तर तसा परिणाम मिळत नाही. त्यांचं बोलणं बऱ्याच अंशी कनेक्सिन ४३ या प्रथिनाच्या, दोन पेशींना थेट जोडणाऱ्या मार्गांतून चालतं. प्रथिनाची कुपी इथे अपुरी पडते, याचं हे एक मोठं कारण.

शिवाय सगळ्या केशवाहिन्या सारख्या नसतात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या माक्स प्लांक संस्थेत अंजली कुसुंबे, राल्फ अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या हाडात एक खास प्रकारची वाहिनी दाखवून दिली. तिला ‘एच’ प्रकार म्हणतात. सीडी ३१ आणि एंडोम्युसिन ही दोन्ही खूणप्रथिनं तिच्यात भरपूर असतात, तिच्याभोवती अस्थिपेशींच्या पूर्वज पेशींची गर्दी असते, आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. कुसुंबे यांची पीएचडी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातली. हे काम आल्यापासून ‘वाहिन्या किती’ याच्या जोडीला ‘कोणत्या’ हाही प्रश्न विचारावा लागतो. सहसंवर्धनावरच्या, म्हणजे दोन्ही पेशी एकत्र वाढवण्यावरच्या, पुष्कळ निबंधांत मात्र अजून नुसत्या वाहिन्या मोजलेल्या दिसतात.

आमच्या प्रयोगशाळेत मज्जेच्या स्टेम सेल आणि ह्युव्हेक (नाळेच्या शिरेच्या अस्तरपेशी) एकत्र वाढवून बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या सिरॅमिकच्या स्कॅफोल्डवर (सच्छिद्र साच्यावर) टाकतो. दर वेळी निकाल वेगळा येतो. प्रमाण, माध्यम, वेळ यांबद्दल नेमकं सांगाल का? – संशोधक विद्यार्थी, पुणे

बहुतेक ठिकाणी गाडी माध्यमावर अडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हाड घडवणाऱ्या माध्यमात डेक्सामेथासोन, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असतं. डेक्सामेथासोन वाहिन्यांची वाढ दाबतं. अस्तरपेशींच्या माध्यमात व्हीईजीएफ, एफजीएफ, ईजीएफ, आयजीएफ ही वाढीची प्रथिनं असतात. त्यात स्टेम सेल झपाट्याने वाढतात, पण खनिज धरायला आळस करतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण अस्थिमाध्यम दिलं की आठवड्यात अस्तरपेशी विरळ होतात, आणि मग उरतो तो फक्त स्टेम सेलचा प्रयोग, नाव मात्र सहसंवर्धनाचं. चालणारी वाट अशी : पहिले पाच ते सात दिवस अस्तरपेशींचं माध्यम द्या, सीडी ३१ च्या रंगात जाळं दिसू लागलं की दोन्ही माध्यमं निम्मी-निम्मी करा, आणि डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलरऐवजी १० वर ठेवा.

प्रमाणाबद्दल. एकास एक हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रमाण, आणि सुरुवातीला तेच ठीक. पण पेशी टाकतानाचं प्रमाण आणि दोन आठवड्यांनंतरचं प्रमाण यांत फार फरक पडतो, कारण स्टेम सेल अस्तरपेशींना मागे टाकतात. म्हणून सातव्या आणि चौदाव्या दिवशी पेशी सोडवून फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर सीडी ३१ असलेल्या आणि नसलेल्या पेशी मोजा. हा आकडा नसेल तर पुढच्या कुठल्याच निकालाचा अर्थ लावता येत नाही. ह्युव्हेक सहाव्या उपसंवर्धनापलीकडे (नव्या ताटलीत सहाव्यांदा वाढवण्यापलीकडे) वापरू नका, स्टेम सेल तिसऱ्या ते पाचव्यात वापरा. स्टेम सेलची ओळख २००६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी पक्की करा : सीडी १०५, ७३ आणि ९० किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी ४५, ३४ वगैरे २ टक्क्यांहून जास्त पेशींवर नकोत. पेशींचा दाता बदलला की निकाल बदलतो, हेही लक्षात घ्या. एका दात्यावरून निष्कर्ष काढू नका, किमान तीन तरी घ्या.

पेशी स्कॅफोल्डवर टाकण्याचा हिशेब बरेच जण करत नाहीत. समजा चकती ८ मिलिमीटर व्यासाची आणि ४ मिलिमीटर उंचीची आहे. आकारमान सुमारे २०० मायक्रोलिटर. सच्छिद्रता ७० टक्के असेल तर पोकळ जागा १४० मायक्रोलिटर. म्हणून पेशींचं द्रावण १२० ते १३० मायक्रोलिटर ठेवा. त्याहून जास्त ओतलं तर पेशी खाली गळून ताटलीच्या तळाला चिकटतात. त्यासाठी न चिकटणारी ताटली घ्या. आदल्या रात्री चकती माध्यमात भिजवून निर्वाताने आतले बुडबुडे काढा, कारण बुडबुडा राहिला तर तेवढ्या भागात पेशी शिरतच नाहीत. कोरडी चकती सुरुवातीला माध्यमातलं कॅल्शियम आणि पीएच हलवते, तेही भिजवल्याने सावरतं. पेशी टाकायच्या आधी चकतीवरचं जास्तीचं माध्यम टिपून घ्या, नाहीतर वरचा हिशेब लागू पडत नाही. अस्तरपेशींना नुसतं सिरॅमिक मानवत नाही, फायब्रोनेक्टिन या पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा लेप द्या. पेशी टाकल्यावर ३७ अंशांवर एक तास ठेवा, चकती उलटी करा, आणखी एक तास ठेवा, मग माध्यम भरा. दुसऱ्या दिवशी गळालेल्या पेशी मोजून प्रत्यक्ष किती चिकटल्या ते काढा. छिद्रांचा आकार ३०० मायक्रॉनच्या वर असावा. छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतील तर मोठ्या छिद्रांचाही उपयोग नाही.

आता मोजमापातल्या चुका. अ‍ॅलिझरिन लाल कॅल्शियमला रंगवतो, आणि तुमचा स्कॅफोल्डच कॅल्शियमचा आहे. पेशीविरहित चकतीही लालभडक होणारच. तशी रिकामी चकती त्याच माध्यमात, तेवढेच दिवस ठेवून तुलना केली नसेल तर तो लाल रंग पुरावा म्हणून धरू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज डीएनएच्या प्रमाणात सांगता तेव्हा त्यातला काही डीएनए अस्तरपेशींचा असतो. म्हणून तुलनेसाठी दोन गट हवेत. एकात एकट्या स्टेम सेल, संख्या सहसंवर्धनातल्या स्टेम सेलइतकी. दुसऱ्यात एकट्या स्टेम सेल, संख्या दोन्ही पेशींच्या बेरजेइतकी. दुसरा गट नसला की ‘पेशी जास्त म्हणून हाड जास्त’ ही शंका कायम राहते. शेवटचं, चकती मधोमध कापून जिवंत-मृत रंग पाहा. कडेला हिरवं (जिवंत) आणि मध्ये लाल (मृत), हेच चित्र बहुधा दिसेल. मग पंपाने माध्यम आरपार वाहणारा बायोरिॲक्टर लागतो, किंवा चकती पातळ करावी लागते.

प्राण्यांवर जाल तेव्हा दात्याच्या वाहिन्या आणि यजमानाच्या वाहिन्या वेगळ्या रंगवा. मानवी सीडी ३१ वर बसणारं प्रतिपिंड उंदराच्या वाहिनीवर बसत नाही, ते वापरा. नाहीतर उंदरानेच स्वतः वाढवलेल्या वाहिन्यांचं श्रेय तुमच्या पेशींना जाईल.

बाळाच्या जन्माच्या वेळी आम्ही नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवलं आहे. पुढे हाड मोडलं तर त्यातल्या पेशी उपयोगी पडतील? – एक आई, ठाणे

त्या भरवशावर राहू नका. बँकेत ठेवलेलं असतं ते रक्त. वर उल्लेख झालेल्या ह्युव्हेक पेशी नाळेतल्या शिरेच्या भिंतीला आतून चिकटलेल्या असतात, त्या त्या रक्ताच्या पिशवीत नसतात. नाळेच्या रक्तात अस्तरपेशींच्या काही पूर्वज पेशी असतात, आणि प्रौढाच्या रक्तापेक्षा पुष्कळच जास्त असतात. पण गोठवलेल्या पिशवीतून त्या वाढवून हाडासाठी देण्याचा कोणताही मान्य उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी नाळरक्त जपण्याला वैज्ञानिक आधार नसल्याचं सांगितलं आहे. मुलांची हाडं तशीही फार छान जुळतात.

वडिलांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला आणि खालच्या जबड्याचा मोठा भाग काढला. पायातलं हाड काढून जबडा करणार आहेत. जबडा शरीरातच वाढवता येतो असं वाचलं होतं, ते खरं आहे का? – मडगाव, गोवा

खरं आहे, पण अगदी मोजक्या रुग्णांबाबत. २००४ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ५६ वर्षांच्या एका गृहस्थांचा सात सेंटिमीटरहून मोठा गेलेला जबडा त्यांच्या पाठीच्या स्नायूत वाढवला होता. सीटी स्कॅनवरून टायटॅनियमच्या जाळीचा साचा केला, त्यात हाडाच्या खनिजाचे ठोकळे भरले, ७ मिलिग्रॅम बीएमपी-७ हे हाड वाढवणारं प्रथिन आणि रुग्णाचीच २० मिलिलिटर अस्थिमज्जा घातली, आणि तो साचा पाठीच्या रुंद स्नायूत सात आठवडे ठेवला. मग स्नायूच्या रक्तवाहिनीसकट उचलून जबड्याच्या जागी जोडला. चार आठवड्यांनी ते घट्ट अन्न चावू लागले. पेशी कुठल्या हा इथे दुय्यम भाग होता. साच्याला जिवंत रक्तवाहिनी मिळाली आणि ती त्याच्यासोबत तोंडापर्यंत आली, म्हणून हे जमलं.

तुमच्या वडिलांना सुचवलेली शस्त्रक्रियाही नेमकं हेच करते, आणि हजारो रुग्णांवर पारखलेली आहे. पोटरीतलं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, त्याच्या धमनी-शिरेसकट काढून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पायाच्या हाडातल्या पोकळीसाठी ती १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या इयन टेलर यांनी प्रसिद्ध केली आणि जबड्यासाठी १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी मांडली. वीसएक सेंटिमीटर हाड मिळतं. घोट्याच्या स्थिरतेसाठी खालचं सहा-सात सेंटिमीटर जागेवरच ठेवतात. शस्त्रक्रियेआधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे ना, एवढं विचारा. काही जणांच्या पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः याच धमनीवर चालतो, त्यांचं हे हाड काढता येत नाही.

एक सावधगिरी. जिथे कर्करोग होता त्या जागी वाहिन्या वाढवणारी प्रथिनं किंवा पेशी मुद्दाम घालणं धोक्याचं असू शकतं, कारण उरलेल्या गाठीलाही रक्त हवंच असतं. बीएमपी-२ च्या व्यापारी उत्पादनाच्या माहितीपत्रकातच गाठ काढलेल्या जागेजवळ ते वापरू नये असं लिहिलेलं आहे. कोणी असं काही सुचवलं तर कर्करोग शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

नडगीचं हाड नऊ महिने जुळलं नाही. एका केंद्रात कमरेतून मज्जा काढून ‘स्टेम सेल इंजेक्शन’ देतात, खर्च बराच सांगतात. घ्यावं का? – नाशिक

इथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली विकल्या जातात. स्वतःची मज्जा काढून, दाट करून, न जुळलेल्या हाडात घालणं ही ऑर्थोपेडिक्समधली अभ्यासलेली पद्धत आहे. फ्रान्समध्ये एर्निगू यांनी २००५ मध्ये नडगीच्या न जुळलेल्या ६० हाडांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत संसर्ग नव्हता आणि मोठी पोकळीही नव्हती. ५३ जुळली. जी सात जुळली नाहीत त्यांत घातलेल्या पूर्वज पेशींची संख्या स्पष्टपणे कमी होती. काढलेल्या मज्जेत घन सेंटिमीटरला सरासरी सहाशेच्या घरात पूर्वज पेशी होत्या, दाट केल्यावर अडीच हजार झाल्या. म्हणजे उपचाराचं यश इंजेक्शनच्या नावात नसून त्यातल्या संख्येत आहे.

संख्या घसरण्याचं नेहमीचं कारणही साधं आहे. एकाच जागेतून सुई न हलवता २० मिलिलिटर ओढलं की पहिले दोन मिलिलिटर मज्जा येते आणि पुढे नुसतं रक्त. सुईची जागा दर दोनेक मिलिलिटरला बदलावी लागते. यात वेळ जातो, म्हणून घाई असलेल्या ठिकाणी ते टाळलं जातं.

तेव्हा हे प्रश्न विचारा. हाडात संसर्ग नाही हे कशावरून ठरवलं? प्लेट किंवा रॉड घट्ट आहे का? मज्जा किती काढणार, किती जागांतून, आणि पेशी मोजणार का? संसर्ग असेल किंवा रॉड सैल असेल तर कितीही पेशी घातल्या तरी हाड जुळणार नाही, आधी ते दुरुस्त करावं लागेल. पेशी प्रयोगशाळेत वाढवून देणार असतील तर ती गोष्ट वेगळी. वर उल्लेख झालेल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळता, स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. ही नोंदवही सर्वांना मोफत पाहता येते. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसेही मागतात आणि क्रमांकही देत नाहीत, अशा जागी जाऊ नका.

सिगारेट सोडली, पण मिसरी सुटत नाही. हाड जुळायला तिचाही त्रास होतो का? – सातारा

होतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गेला हे चांगलंच झालं, पण निकोटिन मिसरीतूनही रक्तात जातं आणि बारीक वाहिन्या आखडवतं. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून हाड पक्कं जुळेपर्यंत मिसरी पूर्ण बंद ठेवा. मधुमेह असेल तर रक्तातली साखर ताब्यात ठेवणंही तितकंच महत्त्वाचं.

मग ही दोन पेशींची जोडी माणसात कुठवर आली आहे? – अनेक वाचक

एकेका बाजूने चाचपणी झाली आहे. २००१ मध्ये इटलीच्या गटाने तीन रुग्णांच्या चार ते सात सेंटिमीटरच्या पोकळ्यांत हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचे (हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकचे) साचे आणि वाढवलेल्या मज्जापेशी घातल्या. हाड जुळलं, पण साचा वर्षानुवर्षं न विरघळता तसाच राहिला. अलीकडे युरोपातल्या चार देशांत न जुळलेल्या हाडांच्या २८ रुग्णांना १० ते २० कोटी वाढवलेल्या स्टेम सेल सिरॅमिकच्या दाण्यांसोबत दिल्या. वर्षभरात बहुतेकांची हाडं जुळली. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि अस्तरपेशीही नव्हत्या.

जोडीचा चांगला पुरावा प्राण्यांत आहे. फ्रँकफर्टच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या मांडीच्या हाडातल्या ५ मिलिमीटर पोकळीत दोन्ही पेशी एकत्र घातल्या, तेव्हा सुरुवातीच्या वाहिन्याही वाढल्या आणि हाडही चांगलं आलं. माणसात हे नेण्यात अडचण अस्तरपेशी आणायच्या कुठून हीच आहे. ह्युव्हेक परक्या माणसाच्या, शरीर त्यांना नाकारणार. स्वतःच्या रक्तातून वाढवायच्या तर त्यांच्या पूर्वज पेशी इतक्या विरळ असतात की वसाहत दिसायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि वयस्क किंवा मधुमेही रुग्णांच्या रक्तातून अनेकदा ती उगवतच नाही. शिवाय दोन वेगळ्या पेशी म्हणजे दोन वेगळी उत्पादनं, दोन्हींची निर्जंतुकता, ओळख आणि शुद्धता वेगळी तपासायची. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

यातून बासेलच्या गटाने काढलेली वाट आम्हाला सर्वांत आशेची वाटते. पोटावरची चरबी शोषून घेऊन एन्झाइमने विरघळवली की उरणाऱ्या पेशींत स्टेम सेल आणि अस्तरपेशी दोन्ही आपोआपच असतात. त्या वाढवायची गरज नाही, त्याच शस्त्रक्रियेत सिरॅमिकच्या दाण्यांवर फायब्रिनमध्ये (रक्त गोठताना होणाऱ्या प्रथिनाच्या जाळ्यात) मिसळून घालता येतात. २०१६ मध्ये त्यांनी दंडाच्या वरच्या टोकाचं हाड मोडलेल्या आठ वयस्क रुग्णांवर हे करून दाखवलं. नंतर घेतलेल्या तुकड्यांत, आजूबाजूच्या हाडाला न जोडलेली नवी हाडाची बेटंही सापडली. ती कडेच्या हाडातून पसरलेली नव्हती, म्हणून घातलेल्या पेशींनीच केलेली असावीत. पण ही ताजी मोडलेली हाडं होती, पाच सेंटिमीटरची पोकळी नव्हे.

अशा बातम्यांसोबत छापलेला ‘आधी-नंतर’चा एक्स-रे पाहताना एक जपा. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दोन्ही एक्स-रेवर हाडासारखेच पांढरे दिसतात. पहिल्या दिवसाचा एक्स-रे सोबत नसेल, तर त्या पांढऱ्यात हाड किती आणि भरलेलं सिरॅमिक किती, हे त्या चित्रावरून कळत नाही.